कृषी सेवा केंद्राचा हिशेब निर्णयापर्यंत कसा न्यावा : लहान दुकानासाठी बिझनेस इंटेलिजन्सची सविस्तर वाटचाल

तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्राच्या मालकाला गेल्या वर्षीची विक्री विचारली, तर तो आकडा लगेच सांगतो. त्या विक्रीतून हातात किती उरले, कोणत्या मालाने ते मिळवून दिले आणि कोणत्या मालात पैसा अडकून पडला, असे पुढचे प्रश्न विचारले की मात्र तो सनदी लेखापालाकडे बोट दाखवतो. लेखापालाच्या ताळेबंदातही ही उत्तरे नसतात, कारण ताळेबंद करनिर्धारणासाठी केलेला असतो आणि तो हाती येईपर्यंत पुढच्या खरिपाचा माल गोदामात आलेला असतो. दुकानातल्या रोजच्या नोंदी अशा रीतीने मांडायच्या की हंगाम चालू असतानाच या प्रश्नांची उत्तरे मिळावीत, याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. हे नाव मोठ्या कंपन्यांमधून आले असले, तरी रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून येणे-देणे काढण्याची आपली जुनी रीत त्याच जातीची आहे. संगणकाने फक्त तिचा वेग वाढवला आहे.

लातूर आणि धाराशिव भागातील अशा दुकानांचे हिशेब मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. कृषी सेवा केंद्र हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे की लहान धंद्याच्या सगळ्या अडचणी येथे एकत्र सापडतात. विक्री दोन हंगामांत एकवटलेली असते, उधारी पिकाच्या पैशावर अवलंबून असते, मालाला मुदत असते, कराचे दर वेगवेगळे असतात आणि या सर्वांवर पावसाचे राज्य असते. किराणा, हार्डवेअर किंवा औषधाच्या दुकानदाराला यातले जे लागू पडेल ते त्याने उचलावे.

पायरी पहिली : प्रश्न ठरवणे

सॉफ्टवेअर विकणारा माणूस दुकानात आला की तो पडदा उघडून रंगीत आलेख दाखवतो. मीही सुरुवातीच्या काळात एका दुकानासाठी अकरा आलेखांचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आलेख एकत्र दाखवणारा पडदा, मोठ्या मेहनतीने तयार करून दिला होता. मालकाने तो दोन आठवडे पाहिला आणि नंतर उघडला नाही, कारण त्या अकरापैकी एकही आलेख त्याला उद्या सकाळी काय करायचे हे सांगत नव्हता. तेव्हापासून मी आधी मालकासोबत बसून कागदावर प्रश्न लिहून घेतो आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय बदलेल ते लिहायला लावतो. ज्या प्रश्नापुढे निर्णय लिहिता येत नाही, तो प्रश्न खोडायचा.

बहुतेक दुकानांत असे पाच प्रश्न उरतात. कोणाकडे किती येणे आहे आणि ते कोणत्या पिकाच्या पैशातून येणार आहे? कर वजा करून कोणत्या मालावर खरोखर किती सुटते? कोणत्या मालाची मुदत जवळ आली आहे? येत्या पंधरा दिवसांत कोणता माल किती लागेल? खरेदीवर भरलेला जीएसटी पूर्ण वजावटीत मिळतो आहे का? यापलीकडचे काहीही पहिल्या वर्षी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी दुसरी : माहिती कुठे कुठे पडली आहे ते पाहणे

दुकानात माहिती नसते असे नाही, ती विखुरलेली असते. विक्रीची बिले टॅली, मार्ग, बिझी किंवा व्यापार अशा एखाद्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर (विक्रीच्या जागीच नोंद करणाऱ्या यंत्रावर) शेतकऱ्याच्या आधार पडताळणीने नोंदवली जाते आणि ती व्यवस्था 2018 पासून देशभर लागू आहे. खरेदीची नोंद जीएसटी संकेतस्थळावरील जीएसटीआर-2बी या विवरणात आपोआप तयार होते. यूपीआयने आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसतात. कंपन्यांनी हंगामाच्या शेवटी दिलेली सूट जमा-चिठ्ठीवर येते आणि ती चिठ्ठी बहुधा टेबलाच्या खणात पडून राहते. उधारी मात्र लाल कापडी बांधणीच्या वहीत आणि मालकाच्या डोक्यात असते.

एका कागदावर हे सर्व स्रोत लिहून प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : ती माहिती एक्सेलच्या स्वरूपात बाहेर काढता येते का, ती कोण भरतो, आणि ती किती दिवसांनी मागे पडते. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमधून विक्रीची यादी एक्सेलमध्ये निर्यात करता येते, आणि ही सोय ज्यात नाही ते सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार सर्वांत आधी करावा. या पायरीला एक दुपार पुरते.

पायरी तिसरी : एका वस्तूला एकच नाव

सगळ्या वाटचालीतील सर्वांत कंटाळवाणे काम हेच आहे, आणि पुढचे सारे यशही यावरच अवलंबून आहे. इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एस.जी. या कीटकनाशकाची शंभर ग्रॅमची पुडी एका बिलावर ‘इमा 100’, दुसऱ्यावर कंपनीच्या नावाने, तिसऱ्यावर ‘अळीचे औषध’ आणि खरेदीत तांत्रिक नावाने नोंदलेली मी पाहिली आहे. माणसाला या चारही नोंदी एकच आहेत हे कळते, संगणकाला त्या चार वेगळ्या वस्तू वाटतात. मग साठा कुठे उणे दिसतो, कुठे फुगलेला दिसतो, आणि मालक ‘हे संगणकाचे काही खरे नाही’ असे म्हणून वहीकडे परततो.

म्हणून मालाची एक मूळ यादी तयार करावी. तिच्यात प्रत्येक वस्तूला एक छोटा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्यापुढे कंपनीचे नाव, बाजारातील नाव, तांत्रिक घटक व त्याचे प्रमाण, पॅकिंग, मोजण्याचे एकक, एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी वस्तू ओळखण्याचा ठरलेला क्रमांक), कराचा दर आणि वर्ग असे रकाने ठेवावेत. तांत्रिक घटकाचा रकाना मोलाचा आहे, कारण एकाच घटकाची चार कंपन्यांची औषधे फळीवर असतात आणि एकाचा साठा संपला म्हणून नवी मागणी नोंदवताना उरलेल्या तिघांचा साठा कोणी पाहत नाही. वर्ग मोजकेच असावेत : बियाणे, अनुदानित खत, विद्राव्य खत व सूक्ष्म अन्नद्रव्ये, कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, अवजारे व इतर. कराचा दरही येथेच पक्का करावा. पेरणीच्या बियाण्याला कर नाही, रासायनिक खताला 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकाला 18 टक्के आहे, शिवाय सप्टेंबर 2025 मधील दरबदलात सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि जैविक कीटकनाशके 12 वरून 5 टक्क्यांवर आली. त्या तारखेआधी केलेली यादी एकदा तपासून घ्यावी.

आणखी एक रकाना मी आग्रहाने घालायला लावतो, तो म्हणजे ‘लिंकिंग’. युरियाची गाडी हवी असेल तर सोबत अमुक इतके विद्राव्य खत किंवा पिकाचे टॉनिक घ्यावे लागेल, अशी सक्ती पुरवठ्याच्या साखळीत वरून होते. शासनाने वेळोवेळी तिच्याविरुद्ध ताकीद दिली असली, तरी तिचा बोजा अखेर किरकोळ विक्रेत्यावरच पडतो. असा गळ्यात पडलेला माल कोणत्या खताच्या गाडीसोबत आला हे लिहून ठेवले, तर वर्षअखेरीस त्या खताच्या धंद्यातून खरे काय सुटले ते दिसते. 45 किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे अशी बांधलेली आहे आणि तिच्यातला विक्रेत्याचा वाटा आधीच लहान आहे. सोबत आलेला माल पडून राहिला तर तो वाटाही संपतो. ही गोष्ट तक्रार म्हणून सगळे सांगतात, परंतु आकड्यासकट सांगता आली तर वितरकापुढे बोलताना तिला वजन येते.

शेतकऱ्यांच्या यादीलाही हाच नियम लावावा. एका गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन शेतकरी असणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ओळख मोबाइल क्रमांक आणि गाव या जोडीने ठरवावी. बाप आणि मुलगा एकाच खात्यावर माल नेत असतील, तर खाते एकच ठेवून शेऱ्यात दोघांची नावे लिहावीत.

दोन-अडीचशे वस्तूंच्या दुकानाला हे काम आठ ते दहा दिवस घेते. ते जूनमध्ये सुरू करू नये. रब्बीची गर्दी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे, म्हणजे 1 एप्रिलपासून नवी यादी वापरात येते. वहीपूजन दिवाळीत करण्याची प्रथा आपण जरूर पाळावी, पण संगणकातील वर्ष करवर्षाशी जुळलेले असणे सोयीचे असते.

पायरी चौथी : रोजची शिस्त

दुकान बंद करण्यापूर्वी पंधरा मिनिटे रोजमेळ जुळवला नाही, तर वरची कोणतीही यादी उपयोगाची राहत नाही. समजा सकाळची शिल्लक 4,000 रुपये होती, दिवसभरात रोख विक्री 18,600 आणि जुन्या उधारीची रोख वसुली 7,500 झाली, हमाली व किरकोळ खर्च 1,150 गेला आणि बँकेत 20,000 भरले. गल्ल्यात 8,950 रुपये असले पाहिजेत. ते नसतील तर फरक त्याच संध्याकाळी शोधावा, कारण तिसऱ्या दिवशी तो कोणाच्याही आठवणीत राहत नाही.

यूपीआयच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. शेतकरी जुन्या उधारीपैकी पाच हजार क्यूआर कोडवर पाठवतो, आणि काउंटरवरचा मुलगा ती रक्कम आजची विक्री समजून बसतो. त्यामुळे विक्री फुगते आणि उधारी तशीच राहते. उपाय साधा आहे : यूपीआयचा प्रत्येक जमा आवाज ऐकू आला की तो ‘विक्री’ की ‘वसुली’ हे त्याच वेळी नोंदवायचे. शक्य असेल तर वसुलीसाठी वेगळा क्यूआर कोड वेगळ्या खात्यावर ठेवावा. हा बदल केलेल्या दुकानात रोजमेळ जुळवण्याचा वेळ निम्म्यावर आलेला मी स्वतः पाहिला आहे.

पायरी पाचवी : साधन निवडणे

येथे पैसे खर्च करण्याची घाई करू नये. बिलिंग सॉफ्टवेअर आधीपासून असेल तर पहिले वर्षभर गूगल शीट्स किंवा एक्सेल पुरेसे आहे. गूगल शीट्सच्या एका फाइलमध्ये एक कोटी घरे मावतात. वर्षाला पंचवीस हजार बिल-ओळी होणाऱ्या दुकानाने वीस रकाने ठेवले, तरी पाच लाख घरे भरतात. म्हणजे माहिती मावणार नाही ही भीती निराधार आहे.

मांडणीचा नियम एकच : एका ओळीत एका बिलातील एक वस्तू. तारीख, बिल क्रमांक, शेतकऱ्याचा क्रमांक, वस्तूचा सांकेतिक क्रमांक, बॅच (एका वेळी तयार झालेल्या मालाच्या खेपेचा क्रमांक), नग, करविरहित दर, कर, एकूण आणि व्यवहाराचा प्रकार असे रकाने ठेवून दर आठवड्याला सॉफ्टवेअरमधून काढलेली यादी त्याच पानावर खाली जोडत जावी. महिन्याला नवे पान करू नये, कारण बारा पानांत विखुरलेल्या माहितीची तुलना करणे जिकिरीचे होते. घरे एकत्र जोडणे, मध्येच बेरजेची ओळ घालणे, रंगाने अर्थ सुचवणे या सवयी कागदावर चांगल्या दिसतात, येथे त्या नडतात.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. फाइलच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल, तर 03/07 ही तारीख 3 जुलैऐवजी 7 मार्च समजली जाते आणि खरिपाची विक्री उन्हाळ्यात दिसू लागते. फाइल तयार करताच देश भारत असा निवडावा. आकडे इंग्रजी अंकांतच टंकावेत, म्हणजे बेरजेत घोळ होण्याचा प्रश्न उरत नाही.

या पानावरून पिव्होट टेबल नावाची सोय वापरून गावनिहाय, वस्तूनिहाय किंवा आठवडानिहाय बेरजा काही क्षणांत मिळतात. दुकानातील बारावी झालेला मुलगा ती दोन बैठकांत शिकतो. आलेख मोबाइलवर पाहायचे असतील तर गूगलचा लुकर स्टुडिओ शीट्सला विनामूल्य जोडता येतो. मायक्रोसॉफ्टचा पॉवर बीआय डेस्कटॉपवर विनाशुल्क चालतो, परंतु तयार केलेला अहवाल इतरांना पाहायला द्यायचा तर सशुल्क परवाना लागतो. एका दुकानाला त्याची गरज नाही. दुसरी शाखा निघाली आणि दोन्हीकडचा साठा एका ठिकाणी पाहणे भाग पडले, की मग तो विचार करावा.

पायरी सहावी : पाच अहवाल

उधारीचा अहवाल सर्वांत आधी करावा, कारण त्यात सर्वाधिक पैसा आहे. तयार सॉफ्टवेअर उधारीचे वय तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या टप्प्यांत दाखवते. हे टप्पे कारखानदारीतून आले आहेत आणि शेतीच्या उधारीला ते लागू पडत नाहीत. जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्यासाठी केलेली उधारी सप्टेंबरात नव्वद दिवस ओलांडते, म्हणून ती थकलेली ठरत नाही, कारण पीक अजून शेतात उभे असते. त्यामुळे उधारीच्या नोंदीत ‘हंगाम’ आणि ‘पीक’ हे दोन रकाने घालावेत. सोयाबीनचे येणे ऑक्टोबर ते डिसेंबर, तुरीचे जानेवारी-फेब्रुवारी, हरभऱ्याचे मार्च-एप्रिल, आणि उसाचे कारखान्याच्या बिलावर, अशी प्रत्येक पिकाची अपेक्षित तारीख ठरवावी आणि थकबाकी त्या तारखेपासून मोजावी. मग जी यादी तयार होते ती वसुलीला खरोखर उपयोगी पडते, कारण ज्याच्याकडे आज पैसे असण्याचा संभव आहे त्याचेच नाव तिच्यात वर येते.

बाजारभावाची नोंदही याच पानावर असावी. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि लातूरच्या बाजारात भाव बराच काळ त्याखाली राहिला. अशा वर्षी शेतकरी माल घरात ठेवतो आणि दिवाळीनंतरची वसुली लांबते. ते आधी ओळखले तर रब्बीच्या खरेदीसाठी बँकेच्या कर्जाची मर्यादा वेळेवर वाढवून घेता येते. अशा वेळी शेतकऱ्याशी कडक बोलून काही साधत नाही आणि नातेही बिघडते.

उधारीची किंमत मालकाला एकदा आकड्यात दाखवावी. एक लाख रुपयांचा माल आठ टक्के सुटेल अशा दराने उधार दिला, तर त्यात आपले 92,000 रुपये गुंतले आणि 8,000 सुटणार आहेत. बँकेच्या कॅश क्रेडिटचे (धंद्यासाठी घेतलेल्या फिरत्या कर्जाचे) व्याज 11 टक्के धरले, तर सहा महिन्यांत 5,060 रुपये व्याज जाते आणि हातात 2,940 राहतात. तीच वसुली दहा महिन्यांनी झाली तर व्याज 8,433 रुपये होते, म्हणजे विक्री होऊनही 433 रुपये पदरचे गेले. हे गणित पाहिल्यावर अनेक मालकांनी रोखीच्या गिऱ्हाइकाला दोन टक्के सूट देण्यास सुरुवात केली, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरा अहवाल नफ्याचा. येथे होणारी मोठी गफलत कराची असते. एखादी पुडी करासह 354 रुपयांना विकली आणि ती करविरहित 255 रुपयांना घेतलेली असेल, तर 99 रुपये सुटले असे वाटते. परंतु 354 मधील 54 रुपये 18 टक्के कराचे आहेत. खरी विक्री 300 ची आणि सुटलेले 45, म्हणजे पंधरा टक्के. विक्री आणि खरेदी दोन्ही करविरहितच मांडावीत, आणि कंपनीची हंगामी सूट मिळाली की खणातली ती जमा-चिठ्ठी काढून त्या वस्तूच्या खरेदीतून वजा करावी.

टक्केवारीवरच थांबू नये. पैसा वर्षातून किती वेळा फिरला हे त्यासोबत पाहिले पाहिजे. एका खतावर गुंतवणुकीच्या चार टक्के सुटतात आणि त्याचा साठा वर्षात आठ वेळा विकला जाऊन पुन्हा भरला जातो, तर शंभर रुपयांवर वर्षाला 32 रुपये मिळाले. एका महागड्या टॉनिकवर अठरा टक्के सुटतात आणि ते वर्षातून एकदाच संपते, तर शंभरावर 18 च मिळाले. फळीवरची समोरची जागा कोणाला द्यायची हे या तुलनेने ठरते. याला एक अपवाद ध्यानात ठेवावा : खतासाठी आलेला शेतकरी औषधही नेतो, म्हणून कमी सुटणारा माल बंद करण्यापूर्वी त्याच बिलांवर सोबत काय गेले ते पाहावे. बिल क्रमांकावरून ते दिसते.

तिसरा अहवाल मुदतीचा आहे आणि तो सोपा आहे. बहुतेक कीटकनाशकांची मुदत उत्पादनापासून साधारण दोन वर्षे असते. मुदतीच्या तारखेतून आजची तारीख वजा करून 180 दिवसांच्या आतील बॅच लाल यादीत आणाव्यात. नव्वद दिवसांचा इशारा पुरत नाही, कारण तोवर फवारणीचा हंगाम निघून गेलेला असतो आणि कंपनीची माल परत घेण्याची वेळही बहुधा टळलेली असते. मुदत संपलेले कीटकनाशक विक्रीच्या मालापासून वेगळे, ‘विक्रीसाठी नाही’ अशा खुणेसह ठेवावे लागते. ते विकले तर शेतकऱ्याचे पीक आणि दुकानाचा परवाना दोन्ही धोक्यात येतात. तेव्हा हा अहवाल नफ्याइतकाच सचोटीचाही आहे.

चौथा अहवाल मागणीचा, आणि मला स्वतःला सर्वांत आवडणारा. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय (गावांच्या गटानुसार) दैनंदिन पाऊस मिळतो. आपल्या गिऱ्हाइकांची गावे ज्या दोन-तीन मंडळांत आहेत, त्यांचा 1 जूनपासूनचा एकत्रित पाऊस एका रकान्यात आणि त्या त्या दिवशीची बियाणे व खताची विक्री शेजारच्या रकान्यात लिहावी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये असा सल्ला कृषी विभाग देतो. प्रत्यक्षात आपल्या भागातील शेतकरी किती पावसावर बियाणे उचलतो, हे तीन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर समजते. तारखेची तुलना फसवी असते, कारण एका वर्षी मृगात पेरणी होते तर दुसऱ्या वर्षी आर्द्रा निघून जाते. पावसाच्या आकड्याशी केलेली तुलना त्याहून पुष्कळ टिकाऊ ठरते. पेरणीपासून दिवस मोजून तणनाशकाची आणि पुढे अळीच्या औषधाची मागणी केव्हा येईल याचाही अंदाज त्याच पानावर बांधता येतो, आणि माल गर्दीच्या आधी चार दिवस दुकानात आणता येतो.

पाचवा अहवाल कराचा. जीएसटीआर-2बी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. पुरवठादाराने आपले बिल दाखवले नसेल तर ते त्यात येत नाही, आणि 1 जानेवारी 2022 पासून त्यात न दिसणाऱ्या बिलाची वजावट घेता येत नाही. खरेदीची यादी आणि 2बी यांची बिल क्रमांक व रकमेवरून जुळणी करून उरलेली बिले पुरवठादाराला त्याच दिवशी कळवावीत. बिल क्रमांकातील तिरपी रेघ आणि सुरुवातीची शून्ये यांमुळे जुळणी चुकते, म्हणून दोन्हीकडून ती काढून मग तुलना करावी. याच वेळी देण्याच्या तारखाही पाहाव्यात, कारण सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावेत असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा सांगतो. जैविक खते आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये बनवणारे अनेक जण या वर्गात मोडतात.

पायरी सातवी : माणसे आणि त्यांच्या माहितीची जपणूक

नोंद कोण करतो, ती कोण तपासतो आणि ती कोण बदलू शकतो, हे लिहून ठेवावे. काउंटरवरच्या मुलाला बिल करण्याचा अधिकार असावा, जुने बिल पुसण्याचा नसावा. मालाच्या मूळ यादीत नवी वस्तू घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे, अन्यथा सहा महिन्यांत ‘इमा 100’ पुन्हा उगवते. पुष्कळ दुकानांत हे काम घरातील स्त्रीने हाती घेतले की यादी स्वच्छ राहते, असे मी पाहिले आहे. तिच्या या कामाला पगाराचा किंवा भागीदारीचा रीतसर आधार द्यावा.

शेतकऱ्याची माहिती ही त्याची ठेव आहे. आधार कार्डाचे फोटो मोबाइलमध्ये साठवू नयेत आणि आधार क्रमांक शीटमध्ये लिहू नये. पॉस यंत्रावरची पडताळणी तिथेच संपू द्यावी. उधारीची यादी दुकानाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे हा तर विश्वासघात आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आता कायद्याचीही झाली आहे. शीटची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल’ अशी न ठेवता मोजक्या ईमेल पत्त्यांनाच खुली करावी आणि नोकरी सोडून गेलेल्याचा पत्ता त्याच दिवशी काढावा.

पायरी आठवी : आठवड्याची बैठक

अहवाल तयार झाले म्हणून धंदा बदलत नाही, त्यांच्यासमोर बसून निर्णय घ्यावा लागतो. बाजाराच्या दिवशी दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास ठेवावा. मालक, नोंद करणारा आणि काउंटर सांभाळणारा या तिघांनी पाचही अहवाल पाहावेत आणि जास्तीत जास्त तीन निर्णय एका वहीत लिहावेत : कोणत्या चार शेतकऱ्यांना फोन करायचा, कोणती बॅच समोरच्या फळीवर आणायची, कोणती मागणी थांबवायची. पुढच्या आठवड्यात नवे आकडे पाहण्यापूर्वी त्या तीन निर्णयांचे काय झाले ते विचारावे. ज्या दुकानांत ही वही सुरू राहिली तेथे डॅशबोर्ड साधा असूनही टिकला, आणि जेथे वही नव्हती तेथे महागडे सॉफ्टवेअरही बंद पडले.

मालकाचा अनुभव आणि आकडा यांत विरोध दिसला तर आधी आकडा तपासावा. बहुतेक वेळा नोंद चुकलेली असते. नोंद बरोबर निघाली तर मात्र आकड्याचे ऐकावे, निदान लहान प्रमाणावर तसे करून पाहावे.

पायरी नववी : मोजणी आणि जतन

वर्षातून दोनदा, खरिपापूर्वी मे महिन्यात आणि रब्बीपूर्वी सप्टेंबरअखेर, गोदामातील प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष मोजून संगणकातील साठ्याशी ताडून पाहावी. मोजणाऱ्याच्या हातात संगणकातील आकडे देऊ नयेत, कोरी यादी द्यावी, नाहीतर तो मोजण्याऐवजी खुणा करत जातो. फरक सापडला की तो केवळ दुरुस्त करून सोडू नये, त्यापुढे कारण लिहावे : फुटलेली बाटली, चुकीच्या क्रमांकाने केलेले बिल, घरच्या शेतासाठी नेलेली आणि न लिहिलेली गोणी. माझ्या पाहण्यात शेवटचे कारण सर्वाधिक वेळा निघाले आहे, आणि घरच्या शेताच्या नावाने एक खाते उघडल्यावर ते थांबले.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. दर महिन्याच्या 1 तारखेला बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवावी. पेन ड्राइव्ह दुकानात ठेवू नये, घरी ठेवावा. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, कारण न उघडणारा बॅकअप आपल्याजवळ आहे हे संगणक बंद पडेपर्यंत कोणाला कळत नाही, आणि दुकानातला संगणक बहुधा जूनच्या पहिल्या विजांच्या पावसातच बंद पडतो.